लोरेन्झोचे दोन दगड

विक्सबर्गला जाऊन दोन दिवसांत परत येते म्हणून गेलेली लीटा आठवड्यानं परतली, तेव्हा मॉरीन आत्या स्वयंपाकघरात बसून उकडलेली अंडी सोलत होती. दुसऱ्या दिवशी डेकोरेशनचा रविवार. स्टॅन्सिल चॅपलमागच्या दफनभूमीत सगळं घराणं जमणार, थडग्यांवर प्लास्टिकची फुलं वाहणार आणि मग ओकच्या झाडांखालच्या सिमेंटच्या टेबलांवर, मेलेल्यांच्या नावानं, जिवंत माणसं फुटेस्तोवर जेवणार. अलाबामाच्या या डोंगरांत मेलेल्या माणसाला वर्षातून एकदा जेवढा मान मिळतो, तेवढा जिवंतपणी मिळाला असता तर निम्मी माणसं मेलीच नसती.

यंदा तर थाट विशेष होता. यादवी युद्धात दक्षिणेच्या कॉन्फेडरेट फौजेकडून लढताना पडलेल्या अ‍ॅसबरी आणि लोरेन्झो या स्टॅन्सिल बंधूंचा ग्रॅनाइटचा दगड शुक्रवारीच येऊन उभा राहिला होता. त्यावर कोरलं होतं: 'एकाच दिवशी, एकाच गोळीनं, एकमेकांच्या मिठीत.' दगडाच्या पायथ्याशी ठेवायला विक्सबर्गच्या रणभूमीतली दोघांच्या थडग्यांवरची माती हवी होती. ती आणायला लीटाला धाडलं होतं. घरात न आवडणारं काम निघालं की सगळ्यांना लीटाच आठवायची. लग्न केलेलं नाही, म्हणजे वेळच वेळ, असा स्टॅन्सिलांचा हिशेब. लीटाचा जन्म दातांच्या दवाखान्यात लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडण्यात गेला होता, त्यामुळे समोरच्याच्या उत्तराची वाट न बघता बोलत राहायची तिला सवय होती. घरच्यांशी बोलताना ती फार उपयोगी पडे.

"माती आणलीस?" आत्यानं मान वर न करता विचारलं. आत्या नव्वदी ओलांडलेली, पण अंड्याचं कवच अजून एका झटक्यात उतरवायची.

लीटानं मुरंब्याच्या दोन बरण्या टेबलावर ठेवल्या. एक भरलेली, एक रिकामी.

"अ‍ॅसबरीची आणली. लोरेन्झो तिथं नाही."

"नाही म्हणजे? उठून गेला?"

"हो. तसंच म्हणायचं."

मागच्या दारातून रॉइस आत आला. रॉइस आत्याचा मुलगा, विमा विकून निवृत्त झालेला, आणि 'दक्षिणेच्या शूरांचे वारस' या मंडळाचा स्वयंभू कॅप्टन. उद्याच्या राखाडी गणवेशाच्या बटणांना तो पितळेचं पॉलिश लावत होता. शिंप्यानं तो गणवेश चार वेळा सैल करून दिला होता. भुकेल्या, अनवाणी सैनिकांची आठवण जागवण्यासाठी रॉइसनं दरसाल वजन वाढवलं होतं.

"काय झालं? कुठली माती राहिली?"

"लोरेन्झो आयोवात आहे, रॉइस," लीटा म्हणाली. "मक्याच्या शेताकडेला, छानसा दगड आहे. म्हातारा होऊन, सफरचंदाच्या झाडावरून पडून मेला. बायको, पाच मुलं, दोन बागा."

"लोरेन्झो विक्सबर्गला गोळी लागून मेला."

"तिथं गोळी लागून मरायला तो होताच कुठं? आणि अ‍ॅसबरीलाही गोळी लागली नाही. वेढ्यात अडकून हगवणीनं गेला बिचारा."

"आजारानं म्हण," आत्या म्हणाली. "समोर अंडी आहेत."

रॉइसनं पॉलिशचं फडकं खाली ठेवलं. "कुणीतरी दुसरा लोरेन्झो असेल."

"आईचं नाव पर्मिलिया, गाव हेच. आणि पत्ता तूच दिलास मला." ते खरंच होतं. मागच्या नाताळात रॉइसनं एका नळीत थुंकून ती पोस्टानं डीएनए तपासणीला पाठवली होती. आपलं रक्त किती अस्सल दक्षिणी आहे याचा दाखला त्याला मंडळाच्या भिंतीवर लावायचा होता. दाखला आला, आणि त्यात आयोवातल्या डुकरं पाळणाऱ्या भाऊबंदांची रांगच्या रांग निघाली. प्रयोगशाळेत नळ्या बदलल्या, असं रॉइसनं जाहीर केलं आणि विषय मिटवला. लीटानं तो मिटू दिला नाही. विक्सबर्गला एकच भाऊ सापडल्यावर ती गाडी घेऊन तशीच उत्तरेला गेली.

"त्याच्या दगडावर फौज कुठली लिहिलीय?" आत्यानं विचारलं.

लीटानं एक श्वास घेतला. "उत्तरेची. निळी. अलाबामातून पळून गेलेल्यांचं घोडदळ होतं, त्यात."

रॉइस खुर्चीत बसला. नुसती निळी फौज असती तर त्यानं कदाचित सोसलं असतं, पण घोडदळ म्हणजे पळून जायचं आणि वर घोडाही मिळवायचा.

"हे बघ लीटा," तो हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी सांग. उद्या अख्खं मंडळ बंदुका घेऊन येतंय सलामीला. पाद्री येतोय. पेपरवाला येतोय. सोमवारी तुला काय सांगायचं ते सांग, मी स्वतः भोंगा आणून देतो."

"सोमवारपर्यंत कसं थांबू? मी त्याच्या पणतूला बोलावलंय. हार्लन स्टॅन्सिल. बायकोला घेऊन निघालासुद्धा."

"बोलावलंस? कुणाला विचारून?"

"सोहळा त्याच्या पणजोबाचा. म्हटलं, घरचं कुणी असावं."

रॉइस आईकडे बघायला लागला. लीटाही बघायला लागली. या घरात शेवटचा शब्द आत्याचा, आणि तो बहुतेक वेळा 'नाही' असे. आत्यानं हातातलं अंडं धुतलं, पुसलं, ताटात ठेवलं.

"जेवायला थांबणार का ते?"

"हजार मैलांवरून येतायत, आत्या."

"मग अंडी कमी पडतील," आत्या म्हणाली. "रॉइस, फ्रीजमधली काढ. आणि ते बटणांचं फडकं टेबलावरून उचल."

रविवारी पाद्र्यानं रक्त, माती आणि मातृभूमी या तीन शब्दांची इतकी उलथापालथ केली की शेवटी रक्तभूमी आणि मातृमाती असं काहीतरी झालं, पण लोकांनी आमेन म्हटलं, कारण कोंबडी थंड होत होती. चादरीखाली झाकलेला दगड कुंपणापाशी उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना मंडळाचे शूर वारस, राखाडी लोकरीत, मेच्या उन्हात घामाच्या धारा पुसत उभे होते. त्यातल्या एकाला हृदयाचं दुखणं होतं म्हणून त्याला सावलीत खुर्ची दिली होती. बंदूक मांडीवर घेऊन तो केळ्याचं पुडिंग खात होता.

आयोवाची पाटी लावलेला ट्रक आला आणि त्यातून हार्लन स्टॅन्सिल उतरला. सत्तरीच्या पुढचा, उंच, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना ते कान. उघड्या दारांसारखे बाहेर आलेले, वरच्या टोकाला जरा दुमडलेले. गर्दीतलं बोलणं हळूहळू बंद पडलं. कारण तेच कान पाद्र्याच्या हातात पंखा देणाऱ्या बाईला होते, टेबलाखाली लपलेल्या पोरांना होते आणि कॅप्टन रॉइसच्या पिसाच्या टोपीखालीही होते. रॉइसचं आडनाव बापाचं होतं, पण कान आईकडून आले होते. थुंकीची नळी बदलू शकते, कान कोण बदलणार?

"नमस्कार, नमस्कार," हार्लन सगळ्यांना म्हणत होता. "आम्ही मागं बसतो. खुर्च्या आमच्या आणल्यात. उगीच तुम्हाला त्रास नको." त्याच्या बायकोच्या, आर्लिसच्या, हातात एक मोठं भांडं होतं. त्यात सफरचंदाच्या फोडी, साय आणि चॉकलेटच्या वड्यांचे तुकडे होते, आणि ती त्याला सॅलड म्हणत होती. स्टॅन्सिल बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या सॅलडमध्ये हिरवी जेली आणि किसलेलं गाजर होतं, तेव्हा तसं बोलायला कुणालाच जागा नव्हती, पण बघायला कोण अडवतंय.

रॉइस तलवार सावरत पुढं झाला. "साहेब, हा दक्षिणेच्या हुतात्म्यांचा कार्यक्रम आहे."

"हो ना, लीटाताईंनी सांगितलं. फार छान," हार्लन म्हणाला. "तुमचा कोट फारच सुंदर आहे. उकडत नाही?"

"रॉइस, बाजूला हो," खुर्चीतून मॉरीन आत्या म्हणाली. "ये इकडं पाहुण्या. टोपी काढ."

हार्लननं मुकाट टोपी काढली. आत्यानं त्याला वाकायला लावून दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं.

"माझ्या बापाचे कान," ती म्हणाली. "बस. लीटा, याला ताट वाढ."

हे ऐकून अर्धी मंडळी गुपचूप हार्लनच्या बाजूची झाली. आत्यानं ताट वाढायला लावलेल्या माणसाला शत्रू म्हणायचं तर पुढच्या वर्षी आपल्याला अंडी कोण देणार! उरलेले रॉइसभोवती जमले. पण टेबल एकच होतं, म्हणून दोन्ही पक्ष शेजारी शेजारीच बसले आणि एकमेकांना मीठ देत राहिले.

रॉइसला राहवेना. "तर मग," त्यानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "तुमचे पणजोबा पळाले म्हणायचे."

"पळाले ना!" हार्लन मनापासून म्हणाला. "चांगलेच पळाले. माझे आजोबा सांगायचे, आपल्या घराण्यात इतक्या जोरात नंतर कुणी धावलं नाही." आर्लिसनं मान डोलावली. "त्याचं असं झालं म्हणे, की ज्याच्या पदरी वीस गुलाम त्याला लढाई माफ, असा कायदा निघाला. लोरेन्झो म्हणाला, आपल्या पदरी एक खेचर, तेही लंगडं. मग हे भांडण कुणाचं? अ‍ॅसबरी म्हणाला, सही केलीय, आता मागं फिरायचं नाही. दोघं भाऊ रात्रभर भांडले आणि सकाळी एक राहिला, एक निघाला."

"ते राज्याच्या हक्कांसाठी लढत होते," रॉइस म्हणाला.

"कसल्या हक्कांसाठी, रॉइस?" गार चहाचा जग घेऊन मागून जाणारी लीटा म्हणाली. "वाक्य पूर्ण कर ना. दर वर्षी तू इथंच थांबतोस."

रॉइसनं कोंबडीची तंगडी तोंडात घातली. आपल्या घराण्यानं कधी गुलाम बाळगले नाहीत, असं स्टॅन्सिल मंडळी मोठ्या दिमाखात सांगत असत, जणू कुणीतरी ताटात घालून आणले होते आणि यांनी नको म्हटलं. खरं म्हणजे त्यांच्यापाशी दुसऱ्या खेचराचेही पैसे नव्हते. गुलाम बाळगणाऱ्यांसाठी मरायला मात्र पैसे पडत नव्हते.

"पण मग तो परत का नाही आला?" आत्यानं विचारलं. "लढाई संपल्यावर. आई होती ना इथं."

हार्लननं काटा खाली ठेवला. पहिल्यांदाच तो अवघडलेला दिसला.

"आला होता, मॉरीनताई. लढाई संपली त्याच उन्हाळ्यात आला होता. तुम्हाला माहीत नाही?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"निळा कोट वाटेत टाकून दिला होता त्यानं. संध्याकाळी अंगणात येऊन उभा राहिला. पर्मिलिया दारात आली. मांडीएवढं नातवंड, म्हणजे अ‍ॅसबरीचं पोर, तिच्या कमरेवर होतं. तिनं याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, 'माझे दोन्ही मुलगे विक्सबर्गला मेले.' आणि आत जाऊन दार लावून घेतलं." हार्लननं टोपी गुडघ्यावर फिरवली. "तो सकाळपर्यंत पायरीवर बसला होता. मग गेला. आजोबा सांगायचे, म्हातारा या गोष्टीवर कधी रडला नाही. फक्त आमच्या घरी बाहेरचं दार कधी बंद करू द्यायचा नाही. थंडीतसुद्धा. पणजी वैतागायची."

लीटाच्या डोक्यात एकच गोष्ट सरकत सरकत जागेवर बसली. एकाच दिवशी, एकाच गोळीनं. हे कुण्या कवीनं रचलं नव्हतं, कुण्या वारसमंडळानंही नाही. एका आईनं दारात उभं राहून एका वाक्यात दुसरा मुलगा मारून टाकला होता, आणि पाच पिढ्यांनी ते वाक्य पाठ करून ग्रॅनाइटवर कोरलं होतं.

आर्लिसनं विषय बदलायचा प्रयत्न केला. "तुम्हाला मुलं किती, मॉरीनताई?"

"एक," आत्या म्हणाली.

लीटाच्या हातातल्या जगमधून चहा पेल्याबाहेर वाहू लागला.

कारण आत्याला दोन होती. रॉइसच्या आधीचा वेन्डेल. व्हिएतनामच्या लढाईचं बोलावणं आलं तेव्हा तो कॅनडात निघून गेला, आणि त्याच आठवड्यात त्याचे फोटो भिंतीवरून उतरले. पुढं सरकारनं अशा सगळ्या मुलांना माफी दिली. आत्यानं दिली नाही. तेव्हापासून जो कुणी विचारेल त्याला ती 'एक' सांगत आली होती, इतक्या सहजपणे की नव्या सुनांना वेन्डेल नावाचं कुणी होतं हेही ठाऊक नव्हतं. लीटा तेव्हा शाळेत होती. वेन्डेलनं तिला सायकल शिकवली होती. नाताळाला ती त्याला गुपचूप एक कार्ड पाठवत असे, आणि आपण केवढं मोठं बंड करतो आहोत असं तिला वाटे.

आत्यानं आपलाच शब्द ऐकला. लीटाला ते दिसलं. म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं होतं, जसं दवाखान्यात सुई लागल्यावर माणसाचं राहतं.

रॉइस घाईघाईनं उठला. "चला, सलामीची वेळ झाली! मंडळी, रांगेत!"

"थांब," आत्या म्हणाली.

काठी टेकत ती स्वतः चालत गेली. लीटानं धरायला हात पुढं केला, तो तिनं झटकला. दगडावरची चादर तिनं ओढली, ती काठीला अडकली, मग हार्लननं येऊन सोडवली. कोरलेली अक्षरं आत्यानं शेवटपर्यंत वाचली.

"हे खोटं आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अ‍ॅसबरी आजारानं गेला. लोरेन्झो म्हातारा होऊन गेला. त्याला पर्मिलियानं घराबाहेर काढलं. हा तिचा शब्द आहे, आणि तो खोटा आहे. आता तुम्हाला बंदुका उडवायच्या तर उडवा. कुणासाठी ते तुमचं तुम्ही ठरवा."

शूर वारसांनी कॅप्टनकडं पाहिलं. कॅप्टन दगडाकडं बघत होता. पेपरवाल्यानं फोटो काढावा की नाही हे न कळून एक पुडिंगचा काढला. थोडा वेळ उन्हात उभं राहून मंडळाच्या काही सभासदांना घरची कामं आठवली. जाताना त्यांनी दक्षिणेच्या अपमानाचा तीव्र निषेध केला आणि कोंबडी चांदीच्या कागदात बांधून नेली.

रॉइस मात्र गेला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि ते उन्हानं नव्हतं.

"चारचौघांत, आई?" तो म्हणाला. "माझ्या मंडळासमोर? हे सगळं कुणासाठी केलं मी? हा कोट, हे कान फुटेस्तोवर ढोल, हा दगड? तुला सैनिक मुलगा हवा होता. एक गेला. म्हणून मी झालो. मंडळाच्या लुटुपुटूच्या लढाईत का होईना, दर उन्हाळ्यात तुझ्यासमोर मेलो मी." त्यानं पिसाची टोपी काढली. "जो राहिला त्याला कुणी विचारतच नाही."

लीटानं आयुष्यभर या आतेभावाची टिंगल केली होती. आता तिला पटकन एकही टोमणा सुचला नाही, आणि त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

आत्या दगडाच्या चौथऱ्यावर बसली. तिनं रॉइसकडं नीट पाहिलं.

"बस इथं," ती म्हणाली. तो शेजारी बसला, तलवार आडवी आली, ती त्यानं काढून गवतावर टाकली. आत्यानं त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालानं पुसला, जरा जोरातच, लहान पोराचं नाक पुसावं तसा. मग लीटाकडं वळली.

"तुझ्याकडं त्याचा नंबर आहे का?"

कुणाचा, हे लीटानं विचारलं नाही. "पत्ता आहे. नंबर... मी घरी जाऊन शोधते. कार्डावर कधी लिहिला होता का बघते..." पर्समध्ये ती उगीचच चष्मा शोधू लागली. आपलं एवढं मोठं बंड, आणि त्यात साधा फोन नंबर नव्हता.

रॉइसनं राखाडी कोटाच्या आतल्या खिशातून फोन काढला. एक बटण दाबलं. यादीत शोधावं लागलं नाही, वरच होता.

लीटा बघतच राहिली. "रॉइस! तू?"

"दर रविवारी," रॉइस जमिनीकडं बघत म्हणाला. "चर्चनंतर. भाऊ आहे तो माझा."

त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि तो आईच्या पुढं धरला. पलीकडं दोनदा वाजलं. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, अलाबामाचा हेल अजून तसाच, जणू खिंडीपलीकडूनच बोलत होता.

"काय कॅप्टन! उडवल्या का बंदुका? पोटावरची बटणं टिकली का?"

आत्या पुढं वाकली. फोनशी बोलायची तिला सवय नव्हती. ती नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलली.

"नाही उडवल्या. मी थांबवल्या."

पलीकडं काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. कप असेल. मग नुसता श्वास.

"वेन्डेल," ती म्हणाली, "जेवलास का रे?"

उत्तर आलं नाही. श्वास ऐकू येत होता तोही थांबला, आणि फोन बंद झाला.

हार्लन टोपी हातात घेऊन जरा दूर उभा होता. तो पाठ फिरवून उगीचच कुंपणाचा खांब हलवून बघू लागला. रॉइसनं फोन खाली घेतला. लीटानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या वेळी तो झटकला गेला नाही.

"त्यानं दार लावून घेतलं," आत्या म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "बरोबर आहे. लावणारच."

मग तिनं काठी दोन्ही हातांत नीट धरली, पायरीवर रात्र काढायची असल्यासारखी ताठ बसली, आणि रॉइसला म्हणाली,

"लाव पुन्हा."